चौऱ्याण्णवपासून पंच्याऐंशीपर्यंत

जूनचा पहिला सोमवार. साताऱ्यात आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता आणि अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर ढग उतरले होते. पहाटे साडेपाचला वहिनी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. दारामागे टांगलेल्या दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीने तीन नोंदी केल्या. वजन ६८. कंबर ९४. आणि तिसरी : तेलाचा पाच लिटरचा डबा आज फोडला.

तिसऱ्या नोंदीचं मला नवल वाटलं. पुढच्या सोळा आठवड्यांत कळलं, की सगळ्यात कामाची नोंद तीच होती.

वहिनी ४७ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. उंची १५४ सेंटिमीटर. मे महिन्यात शाळेच्या सुट्टीत त्यांनी रक्त तपासून घेतलं आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ आला. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पायरी. त्यांच्या वडिलांना मधुमेहाने पायाची दोन बोटं गमवावी लागली होती. ती जखम रोज धुण्याचं काम वहिनींनीच दीड वर्ष केलं होतं. त्यामुळे ६.१ म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ता देत नाही. चार महिने देतो. पाच किलो उतरवा, पण स्नायू जाऊ देऊ नका." अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली आले, त्यातही उद्दिष्ट असंच होतं : वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. ६८ किलोचे ७ टक्के म्हणजे पावणेपाच किलो. डॉक्टरांचा आकडा हवेतला नव्हता.

मी पुण्यात असतो. दर शनिवारी साताऱ्याला जायचं, दिनदर्शिकेचा फोटो काढायचा, जमेल तेव्हा त्यांच्याबरोबर जिममध्ये जायचं, असं ठरवलं. लिहू का, म्हणून विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "लिहा भाऊजी. नाव नको. पण आकडे खरे लिहा. बायकांना खरे आकडे कुणी सांगत नाही."

* * *

त्यांना असं म्हणायचं कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी, धाकट्या नणंदेच्या लग्नाआधी, त्यांनी एका वजन घटवून देणाऱ्या केंद्रात पैसे भरले होते. केंद्राचं नाव त्या घेत नाहीत, मीही घेणार नाही. सकाळी भाजीचं सूप, दुपारी काकडी आणि एक फुलका, रात्री पुन्हा सूप. दहा आठवड्यांत ११ किलो उतरले. लग्नातल्या फोटोत वहिनी खरोखर बारीक दिसतात. त्याच फोटोत, नीट पाहिलं तर, त्यांच्या भांगाजवळचे केस विरळ झालेले दिसतात. पुढच्या दीड वर्षात १३ किलो परत आले. केंद्राने दोष त्यांनाच दिला : तुमचा निर्धार कमी पडला.

निर्धाराचा इथे काही संबंध नव्हता. अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्या युरोपला पुन्हा कसं जेवू घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. ही धडधाकट, ध्येयवादी मुलं होती. काही आठवड्यांत ती दिवसरात्र अन्नाबद्दल बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, ताटं चाटू लागली, थंडीने कुडकुडू लागली. शरीर उपाशी ठेवलं की ते खर्च आखडतं आणि भूक वाढवतं. त्याला लग्न आणि दुष्काळ यांतला फरक कळत नाही. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर त्या मुलांच्या अंगावर आधी परतली ती चरबी, स्नायू मागून. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नऊ वर्षं मी उगाच स्वतःला बोल लावला."

चरबी उतरवण्याच्या बाबतीत आपल्याकडे जी घाई आणि जी लाज आहे, तिचा मला मनापासून राग येतो तो यासाठी. दर महिन्याला किलो-सव्वा किलो ही कुणी जाहिरात करावी अशी गती नाही. पण टिकणारी गती तीच.

* * *

आता स्नायूंबद्दल डॉक्टर का बोलले, ते. हा विषय आपल्या मातीतला आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा : २२.३. तराजूच्या हिशेबाने दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. दोघांच्या आडनावांतल्या आद्याक्षरावरून त्याला 'वाय-वाय विरोधाभास' असं नाव पडलं. याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला आहे. त्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. आपली बाळं हाडापेराने, स्नायूंनी लहान होती, पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. बारीक दिसणारं, आतून चरबीचं शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो.

म्हणून भारतीयांसाठी डॉक्टरांनी मापं खाली आणली. बीएमआय २३ झाला की वजन जास्त, २५ झाला की लठ्ठपणा. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोक्याची. वहिनींचा बीएमआय २८.७ होता. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मी हे सांगायला गेलो तर तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय? कॉलेजपासून माझं वजन तेच आहे." ते खरंच होतं. आमच्या घरात दादा 'कसा सडपातळ राहिलाय' म्हणून ओळखला जातो.

जन्मतःच स्नायू कमी असलेल्या माणसाने नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं, तर त्या थोडक्यातूनही काही जातं. वहिनींचं पूर्वीचं ११ किलो कशाचं होतं, याचा अंदाज त्यांच्या त्या फोटोवरून येतो. जिना चढताना कठड्याला धरायची सवय त्यांना त्याच वर्षी लागली.

* * *

जिम पोवई नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर. तळमजल्यावरची एक लांबट खोली, दोन भिंतींना आरसे, कोपऱ्यात मारुतीची तसबीर आणि तिच्यापुढे रोज लागणारी उदबत्ती. प्रशिक्षक तिशीतला, कऱ्हाडजवळच्या गावचा, लहानपणी तालमीत घुमलेला. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर त्याच्या गावापासून लांब नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत मिळवलेल्या कांस्यपदकाची गोष्ट तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो. मग वही उघडतो.

वहिनींच्या वहीत आठवड्याचे तीन दिवस आखलेले : सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहा ते पावणेसात. हातात वजन धरून बैठका. जमिनीवरून बार उचलणं. वाकून डंबेल पोटाकडे ओढणं. खांद्यावरून वर ढकलणं. शेवटी कोपरांवर शरीर तोलून धरणं. प्रत्येकाचे तीन सेट, आठ ते बारा वेळा. बारा सहज होऊ लागले की पुढच्या वेळी वजन थोडं वाढवायचं आणि पुन्हा आठपासून सुरू. बस, एवढंच. उरलेल्या दिवशी अर्धा-पाऊण तास चालणं.

पहिल्या दिवशी वहिनींना बुटक्या स्टुलावरून हात न टेकता उठता आलं नाही. तीनदा प्रयत्न केला. चौथ्या वेळी प्रशिक्षकाने स्टुलावर दोन जाड पाट ठेवून ते उंच केलं. "आज हितनं उठा मॅडम. पुढच्या सोमवारी एक पाट काढू." तिसऱ्या सोमवारी दोन्ही पाट निघाले होते. चौथ्या आठवड्यात हातात चार किलोचं डंबेल आलं.

बारा-पंधरा बायका त्या वेळेला येतात. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच : वजन उचललं तर आम्ही पुरुषासारख्या दिसू का? तो शांतपणे उत्तर देतो, "तालमीतल्या पोरास्नी वर्षानुवर्षं खुराक खाऊन अंग येत न्हाई, तुम्हाला सोळा आठवड्यांत कुठनं यील? तुमचं हाड मजबूत हुईल, येवढं नक्की." दुसरा प्रश्न पोटाचा : पोट कमी करायचा व्यायाम कोणता? पोटावरची चरबी पोटाच्या व्यायामाने जात नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले होते. खेळायच्या हाताचे स्नायू मोठे निघाले, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच होती. चरबी कुठून आधी निघायची, हे शरीर ठरवतं. पोट बारीक करण्याचे पट्टे आणि तेलं विकणाऱ्यांनी आपल्या माणसांचे किती पैसे घालवले, त्याची मोजदाद नाही.

वहिनींच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, की सूर्यनमस्कार असताना हे बार कशाला? प्रश्न साताऱ्यात विचारला जावा असाच आहे, कारण सूर्यनमस्काराचा आधुनिक प्रसार याच जिल्ह्यातल्या औंधातून झाला. तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वतः आयुष्यभर नमस्कार घातले, संस्थानच्या शाळांत ते चालू केले, त्यावर पुस्तक लिहिलं, चित्रांसह जगापुढे ठेवलं. माझं मत विचाराल तर नमस्कार सोडू नयेत. सांधे मोकळे होतात, दम वाढतो. पण पायांना, पाठीला वाढत जाणारं ओझं लागतं आणि नमस्कारात ओझं स्वतःच्या अंगाचं, रोज तेवढंच. वहिनी आता चालण्याच्या दिवशी बारा नमस्कार घालतात आणि वजनाच्या दिवशी वजन उचलतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही तशीच आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काम.

* * *

आणि आता तेलाचा डबा.

वहिनी ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे जायच्या, त्यांनी पहिल्या भेटीत वहिनींना खाण्याची नोंद आणायला सांगितली होती. वहिनींनी प्रामाणिकपणे लिहून नेली : चहा दोनदा, पोहे, दोन पोळ्या-भाजी, वरण-भात, रात्री भाकरी. बाईंनी बेरीज केली, ती हजार-अकराशे कॅलरी भरली. एवढ्यावर ६८ किलो राहत नाहीत. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्याकडे तेलाचा डबा किती दिवस जातो?"

१९९२ मध्ये अमेरिकेत, कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही म्हणणाऱ्या काही माणसांचं खाणं शास्त्रीय रीतीने तपासलं गेलं. ती सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती. जाणूनबुजून खोटं बोलत होती असं नाही. माणसाला ताटातलं दिसतं, कढईतलं दिसत नाही.

घरात माणसं चार : दादा, वहिनी, बारावीतला पुतण्या आणि आई. किराणा दुकानदाराच्या वहीतून कळलं, की पाच लिटरचा डबा २५ दिवसांत संपतो. दिवसाला २०० मिलिलिटर, माणशी ५०. वजनात साधारण ४५ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅममागे नऊ कॅलरी, म्हणजे माणशी रोज चारशे कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि त्यातलं काहीच कुणाच्या नोंदवहीत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप धरलंय २७ ग्रॅम.

त्या रात्री मी वहिनींना स्वयंपाक करताना पाहत बसलो. मटकीची उसळ होती. त्यांनी नेहमीसारखी पळी डब्यात बुडवली आणि कढईवर नेली. मग थांबल्या. पळीतलं तेल चमच्याने मोजून एका वाटीत काढलं. सहा चमचे भरले. पुन्हा डब्यात ओतलं, दोन चमचे कढईत घातले, मोहरी टाकली. मोहरी तडतडली. जिरं, हिंग, कढीपत्ता, कांदा पडला. कांदा खाली लागतोय असं वाटलं तेव्हा त्यांनी तेलाऐवजी पाण्याचा हबका मारला आणि झाकण ठेवलं. जेवताना कुणालाच काही कळलं नाही. आई फक्त म्हणाली, "आज उसळ हलकी झालीये." दाण्याच्या कुटाचंही तसंच. आमच्याकडे कूट मुठीने पडतो, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या जवळपास कॅलरी असतात. कूट बंद केला नाही. मुठीचा चमचा झाला.

जूनमधला तो डबा ३१ दिवस गेला. दुसरा ३८.

तेल कमी केलं, तशी एक गोष्ट वाढवावी लागली : प्रथिनं. वहिनींच्या जुन्या नोंदीत ती दिवसाला जेमतेम ३८ ग्रॅम भरत होती. निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे वहिनींना ५६ ग्रॅम तरी लागतात. चरबी उतरवताना स्नायू राखायचे तर त्याहून जास्त. आहारतज्ज्ञांनी ८० धरली. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा असतो, हेही त्यांनी आधी विचारून घेतलं. आमच्या जेवणात ८० ग्रॅम बसवणं ही खरी परीक्षा होती, व्यायामाहून मोठी. सकाळी पोह्यांऐवजी दोन उकडलेली अंडी आणि एक ज्वारीची भाकरी. शाळेच्या डब्यात भाजी दोन घास कमी आणि उसळ वाटीभर घट्ट. वरण पातळ पळीवाढं न करता दाट. दुपारी चारला बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे आणि ताक. रात्री कधी पनीर, कधी सोयाबीनच्या वड्या, रविवारी आणि बुधवारी चिकन किंवा मासे, तेही रश्श्यात तेलाचा तवंग न येता. भात बंद केला नाही. एक वाटी ठेवला. वहिनींनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की वरणभाताशिवाय जेवण झालंसं वाटत नाही, आणि जे सोळा आठवडे पाळता येणार नाही ते सोळा दिवससुद्धा सुरू करायचं नाही.

* * *

जुलैत आषाढी आली. एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात शेंगदाणे, तूप, बटाटा. उपवासाच्या दिवशी आमच्या घरात इतर दिवसांपेक्षा जास्त कॅलरी खाल्ल्या जात होत्या आणि प्रथिनं सगळ्यात कमी. वहिनी श्रद्धाळू आहेत, उपवास सोडणार नव्हत्या. त्यांनी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी बेताची, दही, राजगिरा, दूध आणि फळं असा उपवास केला. विठ्ठलाचं नाव घेताना पोट जड नव्हतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

श्रावणाच्या तोंडावर मात्र काटा थांबला. जुलैच्या मध्यापासून तीन आठवडे दिनदर्शिकेवर एकच आकडा : ६५.१, ६५.३, ६५.१. मधल्या शनिवारी मी गेलो तेव्हा वहिनींनी माझ्याशी नीट बोलणंही टाळलं. रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, "भाऊजी, सगळं तर पाळतेय. मग?" डोळे भरले होते.

वजनाचा काटा शरीरातलं पाणीही मोजतो. शरीर साखरेचा साठा करतं तेव्हा एका ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. जास्त मिठाचं जेवण, पाळीचे दिवस, झोप न होणं, नव्या व्यायामाने दुखरे झालेले स्नायू, या सगळ्यांनी किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. पहिल्या दोन आठवड्यांत जो भरभर आकडा उतरतो त्यात पाणीच जास्त असतं आणि पुढे तेच पाणी आकडा अडवून धरतं. त्या तीन आठवड्यांत वहिनींची कंबर ९० वरून ८८.५ झाली होती. ती नोंद त्यांनीच केली होती, पण काट्याच्या आकड्यापुढे त्यांना ती दिसेना. प्रशिक्षकाने वहीची मागची पानं उलटून दाखवली : जूनमध्ये चार किलोचं डंबेल, आता दहाचं. आहारतज्ज्ञांनी जेवणात काहीही बदल केला नाही. संध्याकाळचं चालणं दहा मिनिटांनी वाढवलं आणि काटा आठवड्यातून एकदाच बघायला सांगितलं. चौथ्या आठवड्यात ६४.२ आला. याच टप्प्यावर बहुतेक माणसं सोडून देतात. सोडून देणाऱ्याला कुणी टेप आणि वही दाखवलेली नसते.

घरात आणखी एक गोष्ट घडत होती, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सहा वाजता जिममध्ये असणाऱ्या बाईच्या घरी डबे कोण करणार? भारतात २०२२ मध्ये निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नव्हती, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अंदाज आहे. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. हा १५ टक्क्यांचा फरक आळसाचा नाही, सकाळच्या स्वयंपाकाचा आहे. पहिले दोन आठवडे वहिनी पावणेचारला उठून कणीक मळून, भाजी चिरून ठेवत होत्या. तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी जिममध्ये त्यांना घेरी आली. त्या संध्याकाळी आईने, वय ७४, सगळ्यांना बसवून सांगितलं : सोमवार, बुधवार, शुक्रवार पोळ्या मी लाटीन, भाजी याने चिरायची, फोडणी त्याने द्यायची. 'याने' म्हणजे पुतण्याने, 'त्याने' म्हणजे दादाने. दादाला त्यापूर्वी चहापलीकडे काही येत नव्हतं. सप्टेंबरपर्यंत तो दोन चमचे तेलात फरसबी करायला शिकला. चरबी उतरवायचा बेत एका माणसाच्या नावाने लिहिला जातो, पण तो चार माणसांनी पाळावा लागतो.

गौरी-गणपतीत मोदक झाले, पुरणपोळी झाली. वहिनींनी दोन्ही खाल्लं, तुपासकट. दुसऱ्या दिवशी नेहमीचं जेवण आणि शुक्रवारी नेहमीचा व्यायाम. 'काल खाल्लं म्हणून आज उपाशी' हा हिशेब त्यांनी केला नाही. एका बेसनाच्या लाडवात पावणेदोनशे-दोनशे कॅलरी असतात; त्या चालून फेडायच्या तर साडेतीन-चार किलोमीटर चालावं लागतं. अशी फेड करत बसणारा माणूस सणही घालवतो आणि व्यायामालाही शिक्षा बनवतो.

* * *

याच काळात घरोघरी आणखी एक प्रश्न विचारला जाऊ लागला. वजन घटवणारी आठवड्याची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. वहिनींच्या शाळेतही चर्चा होती : एवढे कष्ट कशाला? ज्यांचं वजन खूप जास्त आहे, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, त्यांना ही औषधं मोठा आधार आहेत आणि ती घेण्यात कमीपणा काहीच नाही. पण ती डॉक्टरांनी द्यायची आहेत, मैत्रिणीने सुचवायची नाहीत. यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं. आणि इंजेक्शन घेणाऱ्यालाही प्रथिनं खावी लागतात, वजन उचलावं लागतं, कारण स्नायू त्यातही जातात.

२१ सप्टेंबर, सर्वपित्रीचा रविवार. वजन ६२.६, कंबर ८५. म्हणजे ५.४ किलो आणि ९ सेंटिमीटर. रक्ताचा अहवाल आदल्या दिवशी आला होता : एचबीएवनसी ५.६. आठवडाभर आधी वहिनींनी जिममध्ये ४० किलोचा बार जमिनीवरून आठ वेळा उचलला होता. त्या दिवशी सकाळी घरातला गॅस संपला, तेव्हा त्यांनी भरलेला सिलेंडर, साधारण ३० किलोचा, कुणाला हाक न मारता गॅलरीतून ओट्याखाली आणला. आई बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, मला तरी सांगायचंस, दार धरलं असतं."

पुतण्याला प्रश्न पडला होता, की ही चरबी गेली कुठे? मलाही वाटायचं, की ती घामातून जाते. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी याचा हिशेब मांडला. दहा किलो चरबी जळाली, तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. वहिनींच्या अंगावरची बरीचशी चरबी त्यांनी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर आणि त्या लांबट खोलीत, श्वासाश्वासाने, हवेत सोडून दिली होती.

काम संपलेलं नाही. बीएमआय अजून २६.४ आहे, कंबर ८० च्या खाली यायची आहे. वहीत पुढचे सोळा आठवडे आखून झालेत. आता शरीर जरा काटकसरीने चालतंय, त्यामुळे गती आधीपेक्षा कमी असेल, हे प्रशिक्षकाने आधीच सांगून ठेवलंय. तिसरा डबा ४३ दिवस गेला, घटस्थापनेच्या सकाळी संपला. माणशी २९ मिलिलिटर, म्हणजे साधारण २६ ग्रॅम. गणपतीचं तळण धरून.

त्याच सकाळी एक गोष्ट झाली. वहिनींनी टेप आवरता आवरता दादाला हाक मारली, "जरा इकडे या, उभे राहा." तो हसत उभा राहिला. ५२ वर्षांचा, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६६, बीएमआय २२.८, कॉलेजपासून तसाच. वहिनींनी बेंबीच्या रेषेत टेप फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मला आकडा वाचायला सांगितला. ९३.

फराळाच्या ताटाशी बसून हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक सडपातळ माणसाला माझी विनंती आहे. घरात शिवणाचा टेप असेल. आज एकदा बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता, श्वास सोडून, कंबर मोजा. दादाची पहिली नोंद दिनदर्शिकेवर वहिनींच्या शेजारी, शाईच्या पेनाने केलेली आहे.